बारा तास की एकवीस दिवस: हद्दपारीच्या खटल्यात कोर्टाने राष्ट्राध्यक्षांना अडवलं का, हे स्वतः कसं वाचायचं

१९ एप्रिल २०२५, शनिवार. सकाळचे आठही वाजले नव्हते आणि शेजारच्या काकूंचा फोन आला. "अगं, सुप्रीम कोर्टाने रात्रीच थांबवलं म्हणे त्यांना. पण बारा दिवसांपूर्वी तूच पाठवलं होतंस ना, कोर्टाने परवानगी दिली म्हणून? नक्की खरं काय?"

काकू बहात्तर वर्षांच्या. न्यू जर्सीत मुलाकडे राहतात, ग्रीन कार्डवर. त्यांच्या प्रश्नामागे भीती होती, आणि त्या भीतीत माझाही हात होता. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प १७९८ चा युद्धकाळासाठीचा एक जुना कायदा लावून व्हेनेझुएलाच्या लोकांना अमेरिकेबाहेर काढत होते, आणि ते खटले सुप्रीम कोर्टात पोचले होते. ७ एप्रिलला मी त्याच बातमीचा मथळा वाचला होता आणि आत न डोकावता पुढे पाठवला होता. मी मराठी-इंग्रजी दुभाषी आहे. वकिलांच्या कचेऱ्या, इस्पितळं, अधूनमधून इमिग्रेशन कोर्ट, असं माझं काम चालतं. एका शब्दाने माणसाचं काय होऊ शकतं हे माहीत असूनही मी मथळ्यावर विसंबले, याचं मला फार वाईट वाटलं.

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर दोन्ही आदेश छापून घेऊन बसलो. त्यानंतर अशा बैठका अनेकांबरोबर झाल्या. मी वकील नाही, आणि हा कुणाच्या प्रकरणावरचा कायदेशीर सल्ला नाही. "कोर्टाने राष्ट्राध्यक्षांना अडवलं" किंवा "कोर्टाने मोकळीक दिली" अशी बातमी आली की कागद हातात घेऊन ती कशी तपासायची, तेवढं इथे सांगते.

आधी कागद मिळवा

सर्वोच्च न्यायालयाचे आदेश त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. ७ एप्रिलच्या आदेशाचा क्रमांक २४ए९३१, नाव "ट्रम्प विरुद्ध जे.जी.जी.". १९ एप्रिलच्या मध्यरात्रीनंतर आलेला आदेश २४ए१००७ या क्रमांकाखाली आहे, "ए.ए.आर.पी. विरुद्ध ट्रम्प". अर्जदारांच्या जिवाला धोका असू शकतो म्हणून नावाऐवजी आद्याक्षरं वापरलेली असतात. दुसरं प्रकरण शोधताना क्रमांकच टाका, नाहीतर ज्येष्ठ नागरिकांच्या त्याच आद्याक्षरांच्या संस्थेची पानं समोर येतात. काकूंच्या मुलाचा त्यात अर्धा तास गेला होता.

क्रमांकातलं "ए" हे अक्षर बघायची सवय लावून घ्या. ते तातडीच्या अर्जाचं चिन्ह आहे. ते दिसलं की बहुधा समजावं की मूळ प्रश्नाचा निकाल लागलेला नाही, मधल्या काळात काय करायचं एवढंच ठरलं आहे.

जिल्हा न्यायालयांची, म्हणजे संघीय व्यवस्थेतल्या सगळ्यात खालच्या पायरीच्या कोर्टांची, कागदपत्रं पेसर नावाच्या सरकारी यंत्रणेत असतात. पानाला १० सेंट, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त ३ डॉलर. तीन महिन्यांत ३० डॉलरच्या आत राहिलात तर बिल माफ होतं. गाजलेल्या खटल्यांचे बरेच कागद कोर्टलिसनर या संग्रहात फुकट सापडतात, म्हणून आधी तिथे पाहा.

कागद मिळाला की सुरुवातीपासून वाचू नका. आधी शेवट गाठा: नेमका हुकूम काय? त्यातली क्रियापदं पेन्सिलने अधोरेखित करा. रद्द केलं, स्थगित केलं, परत पाठवलं, मनाई केली, या प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. मग अल्पमताचं मत वाचा, कारण बहुमताने नेमकं काय केलं हे तिथे अनेकदा जास्त स्पष्ट लिहिलेलं असतं. बहुमताचा मजकूर सगळ्यात शेवटी. काकूंना हा क्रम उलटा वाटला, पण चौथ्या पानापर्यंत त्यांना तो पटला होता.

कुठला कायदा, ते पाहा

हद्दपारीच्या सगळ्या बातम्या "युद्धाच्या अधिकारां"च्या नसतात. रोजच्या हद्दपाऱ्या इमिग्रेशनच्या नेहमीच्या कायद्याखाली होतात. त्यात इमिग्रेशन न्यायाधीश असतात, पण ते न्याय विभागाचे कर्मचारी, म्हणजे सरकारच्याच एका खात्यातले. राज्यघटनेने तहहयात नेमलेले संघीय न्यायाधीश वेगळे. माझ्या ओळखीतले शिकलेले लोकही या दोघांची गल्लत करतात. "कोर्टाने हद्दपारी मंजूर केली" असं वाचलं की कुठलं कोर्ट, हे आधी विचारा.

ज्या कायद्यामुळे युद्धाचा अधिकार हा विषय निघाला तो आहे एलियन एनिमीज अ‍ॅक्ट, शत्रुराष्ट्राच्या नागरिकांबद्दलचा कायदा. जॉन अ‍ॅडम्स या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांनी ६ जुलै १७९८ रोजी त्यावर सही केली. त्याचा गाभा असा: एखाद्या परकीय राष्ट्राशी किंवा सरकारशी जाहीर युद्ध असेल, किंवा त्या राष्ट्राने वा सरकारने अमेरिकेच्या भूमीवर आक्रमण किंवा लुटारू चढाई केली असेल, तसा प्रयत्न केला असेल किंवा धमकी दिली असेल, आणि राष्ट्राध्यक्षांनी तसा जाहीरनामा काढला असेल, तर त्या देशाचे १४ वर्षांवरचे, अमेरिकेचं नागरिकत्व न घेतलेले लोक पकडता, डांबता आणि बाहेर काढता येतात. सुरुवातीला हा फक्त पुरुषांना लागू होता. १९१८ मध्ये स्त्रियाही त्यात आल्या.

२०२५ पूर्वी तो तीनदाच वापरला गेला: १८१२ चं युद्ध, पहिलं महायुद्ध, दुसरं महायुद्ध. तिन्ही वेळा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, जाहीर केलेलं युद्ध होतं. मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी व्हेनेझुएलातल्या त्रेन दे अराग्वा या टोळीविरुद्ध तो लावला, तेव्हा युद्ध जाहीर झालेलं नव्हतं. टोळी व्हेनेझुएलाच्या सरकारशी जोडलेली आहे आणि ती आक्रमण व चढाई करते आहे, असं जाहीरनाम्यात म्हटलं होतं.

काकूंच्या भीतीचं उत्तर इथेच दडलेलं आहे. तो जाहीरनामा व्हेनेझुएलाच्या, १४ वर्षांवरच्या, टोळीचे सदस्य ठरवलेल्या नागरिकांपुरता होता आणि त्यातून ग्रीन कार्डधारक वगळले होते. पण त्यांना वगळलं ते जाहीरनाम्याने. मूळ कायदा फक्त नागरिकत्व घेतलेल्यांना सोडतो. म्हणून मी काकूंना म्हटलं, "हा कागद तुमच्याबद्दल नाही. पण तुम्हाला कायद्याने वगळलेलं आहे, असं कुणी सांगितलं तर ते खरं मानू नका." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

मोठ्या प्रश्नाचे तुकडे करा

"न्यायालय राष्ट्राध्यक्षांच्या युद्धाधिकारावर मर्यादा घालू शकतं का?" या प्रश्नाला हो किंवा नाही असं एकच उत्तर शोधू गेलात तर प्रत्येक निकाल आधीच्या निकालाशी भांडतो आहे असं वाटेल. मी त्याचे तुकडे करते. अधिकार मुळात कुणाचा? कायद्यातल्या शब्दांचा अर्थ कोण लावणार? घडलेल्या गोष्टी कोण ठरवणार? पकडलेला माणूस खरोखर त्या वर्णनात बसतो का? आणि त्याला हे विचारायला वेळ मिळाला का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. युद्ध जाहीर करायचा अधिकार राज्यघटनेने काँग्रेसला दिला आहे. १७९८ चा कायदाही काँग्रेसनेच केला. म्हणजे इथे राष्ट्राध्यक्ष जे वापरतात ते काँग्रेसने अटी घालून दिलेलं आहे, आणि अटी पाळल्या गेल्या का हे तपासणं न्यायालयाचं रोजचं काम आहे. १९५२ मध्ये कोरियन युद्ध चालू असताना राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी पोलाद कारखाने ताब्यात घेतले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो हुकूम मोडला. लढाई चालू आहे एवढ्याने कोर्टाचं तोंड बंद होत नाही, हे दाखवायला मी हेच उदाहरण देते.

पण सरकारच्या बाजूने एक जड निकाल आहे आणि तो टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं नाही. लुडेके विरुद्ध वॉटकिन्स, १९४८. कर्ट लुडेके हा जर्मन माणूस एकेकाळी नाझी होता, मग हिटलरशी बिनसलं. अमेरिकेत त्याला डिसेंबर १९४१ मध्ये अटक झाली आणि हद्दपारीचा हुकूम निघाला तो १९४६ मध्ये. जर्मनी शरण येऊन तेव्हा काही महिने उलटले होते. त्याचं म्हणणं साधं होतं: लढाई संपली आहे, मग मी शत्रू कसा? न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी ५ विरुद्ध ४ अशा बहुमतासाठी लिहिलं की युद्ध केव्हा संपलं हे ठरवणं राजकीय शाखांचं, म्हणजे राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेसचं, काम आहे, कोर्टाचं नाही. लुडेके हरला.

"कोर्ट यात पडू शकत नाही" असं सांगणारे इथेच थांबतात. तुम्ही थांबू नका. त्याच निकालात कायद्याचा अर्थ आणि त्याची घटनात्मकता हे प्रश्न कोर्टाने स्वतःकडे राखले आहेत. आणि एका तळटीपेत म्हटलं आहे की धरलेली व्यक्ती खरोखर चौदा वर्षांवरची शत्रुराष्ट्रीय आहे की नाही, हेही कोर्ट तपासू शकतं. २०२५ चे खटले बऱ्याच अंशी या उरलेल्या जागेत लढले गेले. तळटीपा वगळून वाचणाऱ्याला हा विषय कधीच कळणार नाही.

आता शब्द. हा भाग मी इतरांपेक्षा जास्त वेळ घेऊन समजावते, कारण आपल्या भाषेत इथे एक खड्डा आहे. मराठी बातम्यांमध्ये बेकायदा आलेल्या माणसालाही "घुसखोर" म्हणतात आणि सीमेवर आत शिरलेल्या शत्रूच्या सैनिकांनाही "घुसखोर"च. या खटल्यातला सगळा वाद या दोन घुसखोरांमधल्या अंतराचा आहे. म्हणून भाषांतर करताना हा शब्द मी वापरत नाही. "इन्व्हेजन"ला आक्रमण म्हणते. "प्रिडेटरी इन्कर्जन"साठी (वर "लुटारू चढाई" लिहिलं तेच) बरेच दिवस नेमका शब्द सापडत नव्हता, मग काकूंशी बोलता बोलता तोंडात आला: मुलूखगिरी. फौज आहे, कुणाच्या तरी हुकमाने निघाली आहे, दुसऱ्याच्या मुलखात शिरून लूट करून परत जाणार आहे. काकू लगेच म्हणाल्या, "मग यात हुकूम कुणाचा होता, हे विचारायला नको का?"

न्यायालयांसमोरचा मुख्य प्रश्न नेमका हाच होता. दक्षिण टेक्सासचे न्यायाधीश फर्नांडो रॉड्रिगेझ यांनी १ मे २०२५ च्या निकालात काय केलं ते मुद्दाम पाहा, कारण कोर्ट कुठल्या बाजूने शिरतं हे त्यात उघड दिसतं. जाहीरनाम्यातल्या घटना खऱ्या की खोट्या या वादात ते पडले नाहीत. तिथे लिहिलेलं जसंच्या तसं धरलं, आणि मग विचारलं की १७९८ च्या सुमारास हे शब्द कोणत्या अर्थाने वापरले जात होते. त्या काळच्या लिखाणावरून त्यांनी ठरवलं की या शब्दांना संघटित, सशस्त्र दलाची चाल लागते. जाहीरनाम्यातलं वर्णन त्यात बसत नाही, म्हणून तो कायद्याच्या बाहेर गेला. म्हणजे वस्तुस्थितीवर राष्ट्राध्यक्षांचा शब्द धरला, शब्दाच्या अर्थावर कोर्टाचा.

बाराच दिवसांनी, १३ मे रोजी, पेनसिल्वेनियाच्या पश्चिम जिल्ह्यातल्या न्यायाधीश स्टेफनी हेन्स यांनी उलट निष्कर्ष काढला: टोळीचं वागणं लुटारू चढाईत बसतं, कायदा लावता येतो. दोघांचीही नेमणूक ट्रम्प यांच्याच पहिल्या कारकिर्दीतली. "कुणी नेमलेला न्यायाधीश" यावरून निकालाचा अंदाज बांधणाऱ्यांना मी हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचायला देते. तरीही हेन्स यांच्या निकालात सरकारला एक गोष्ट पाळायला लावली होती आणि माझ्या मते ती फार मोलाची आहे. तिच्याकडे येतेच.

कुठल्या दारातून आत जायचं

१५ मार्च २०२५, हाही शनिवारच. वॉशिंग्टनमध्ये न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांच्यासमोर या जाहीरनाम्याविरुद्धच्या खटल्याची सुनावणी संध्याकाळी पाचला सुरू झाली. ती चालू असतानाच धरलेल्या माणसांना घेऊन टेक्सासमधून दोन विमानं उडाली. पावणेसातच्या सुमारास त्यांनी विमानं परत आणायला तोंडी सांगितलं, साडेसातच्या आत हद्दपारी थांबवणारा लेखी मनाईहुकूम निघाला. विमानं एल साल्वाडोरला पोचलीच, आणि त्यातली माणसं सेकोत या तुरुंगात गेली.

७ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने तो मनाईहुकूम ५ विरुद्ध ४ मतांनी उठवला. मी पुढे पाठवलेला मथळा याचाच होता. पण कारण वाचा. कोर्टाने जाहीरनामा वैध आहे असं कुठेही म्हटलेलं नाही. म्हटलं ते एवढंच, की हे आव्हान हेबियस कॉर्पसच्या, म्हणजे देहोपस्थितीच्या अर्जातून (मला डांबलं ते कायदेशीर आहे का हे कोर्टाने तपासावं, असं मागणाऱ्या अर्जातून) यायला हवं, आणि माणूस जिथे डांबला आहे तिथल्या जिल्ह्यातच तो करायला हवा. माणसं टेक्सासमध्ये होती, खटला वॉशिंग्टनमध्ये. लुडेकेचा खटलाही हेबियसचाच होता.

त्याच आदेशात पुढे लिहिलं आहे की या कायद्याखाली धरलेल्यांना सूचना मिळाली पाहिजे, आणि ती वाजवी वेळेत व अशा रीतीने मिळाली पाहिजे की बाहेर काढलं जाण्याआधी त्यांना खरोखर हेबियस मागता येईल. या मुद्द्यावर नऊच्या नऊ न्यायमूर्ती एकमताचे होते. "ट्रम्प जिंकले" या मथळ्यात ही ओळ कुठे मावणार?

आणखी एक गोष्ट चटकन सांगते. त्याच १५ मार्चला मेरीलंडमधल्या एका माणसालाही चुकून एल साल्वाडोरला पाठवलं गेलं आणि त्याचं प्रकरण फार गाजलं. त्याला या कायद्याखाली नव्हे, नेहमीच्या इमिग्रेशन कायद्याखाली पाठवलं होतं. दोन्ही खटले एकत्र कालवू नका.

तास मोजा

कुठलाही आदेश वाचताना मी आता सगळ्यात आधी हेच शोधते: किती तास, आणि कुठल्या भाषेत.

कारण सांगते. काही वर्षांपूर्वी मला एका ठिकाणाहून फोनवर जोडलं. कुठून ते सांगणार नाही, माझ्या शपथेत ते बसत नाही. दुभाषी जोडण्याआधीच पलीकडच्या माणसाची कागदावर सही घेऊन झाली होती. मराठी ऐकताच तो म्हणाला, "ताई, मी कशावर सही केली?" दुभाष्याने स्वतःहून उत्तर द्यायचं नसतं. मी त्याचा प्रश्न इंग्रजीत सांगितला. उत्तर आलं, ते नंतर समजावतील. मी तेवढंच मराठीत सांगितलं आणि फोन बंद झाला. तो कागद काय होता हे मला आजही माहीत नाही. पण न समजलेली सूचना ही सूचनाच नसते, हे मला तेव्हापासून कुणी पटवून द्यावं लागलं नाही.

आता आकडे पाहा. ७ एप्रिलनंतर "वाजवी वेळ" म्हणजे किती? त्याच महिन्यात टेक्सासमधल्या खटल्यात एका सरकारी अधिकाऱ्याच्या शपथपत्रातून ते बाहेर आलं: आव्हान द्यायचा इरादा सांगायला किमान १२ तास, आणि तो सांगितला तर प्रत्यक्ष अर्ज दाखल करायला किमान २४ तास. फॉर्म इंग्रजीत. तो माणसाला समजेल अशा भाषेत वाचून समजावला जातो, असं सरकारचं म्हणणं होतं. कोठडीतून फोन करायचा, वकील गाठायचा, वकिलाने योग्य जिल्ह्यात अर्ज करायचा, हे सगळं त्या तासांत. माझ्यासारखी दुभाषी कामाच्या दिवशी दुपारी मिळायलाही कधी कधी दोन तास लागतात.

उत्तर टेक्सासमधल्या अ‍ॅन्सन गावच्या ब्लूबॉनेट कोठडीतल्या लोकांना अशाच सूचना मिळाल्या आणि त्यांचे वकील धावत सर्वोच्च न्यायालयात गेले. १९ एप्रिलच्या मध्यरात्रीनंतरचा आदेश तो. न्यायमूर्ती थॉमस आणि अलिटो असहमत होते. मजकूर जेमतेम एका परिच्छेदाचा: पुढचा हुकूम होईपर्यंत या गटातल्या कुणालाही अमेरिकेबाहेर काढू नका. काकू म्हणाल्या, "एवढंच?" एवढंच. पण तो आला तेव्हा माणसं अजून देशात होती. मार्चच्या हुकमाची ओळ यापेक्षा कमी स्पष्ट नव्हती, फक्त ती येईपर्यंत विमानं हवेत होती. दोन्ही आदेशांच्या वेळा कागदावर एकाखाली एक लिहून बघा.

१६ मेला याच प्रकरणात ७ विरुद्ध २ मतांनी सविस्तर आदेश आला. हद्दपारीआधी सुमारे २४ तास दिलेली आणि ती आव्हान कशी द्यायची याची काहीही माहिती नसलेली सूचना पुरेशी नाही, असं कोर्टाने स्वच्छ म्हटलं. चुकून बाहेर पाठवलेल्या माणसाला परत आणता येत नाही असं सरकारच दुसऱ्या प्रकरणात सांगत होतं, याकडेही कोर्टाने बोट दाखवलं. आणि तरीही कायदा टोळीला लागू होतो की नाही, यावर मत दिलं नाही. तो प्रश्न खाली, पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाकडे, म्हणजे टेक्सास ज्याच्या हद्दीत येतं त्या संघीय अपील कोर्टाकडे, पाठवला. १६ मेच्या दिवशीही "कायदा बेकायदा ठरला" असे संदेश फिरत होते. तो ठरला नव्हता.

मग पुरेसा वेळ म्हणजे किती? जिल्हा न्यायाधीशांनी आकडे दिले. कोलोरॅडोत न्यायाधीश शार्लट स्वीनी यांनी २२ एप्रिललाच सांगितलं होतं: २१ दिवस. सूचनेत न्यायालयात दाद मागायचा हक्क आहे आणि वकिलाशी बोलता येतं हे लिहिलेलं असावं, आणि ती त्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत लिहिलेली असावी. हेन्स यांनीही २१ दिवसच ठरवले, सूचना इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत. जाहीरनामा योग्य म्हणणाऱ्या न्यायाधीशांनीही बारा तास मान्य केले नाहीत, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पुढे सरकारने आपली मुदत सात दिवसांवर नेली. बारा तासांवरून सात दिवस हा फरक कोर्टांमुळेच पडला. न्यायालयं राष्ट्राध्यक्षांच्या युद्धाधिकारावर मर्यादा घालू शकतात का, असं कुणी विचारलं तर मी आधी हा फरक दाखवते.

निकाल अजून उभा आहे का

छापून ठेवलेला निकाल उद्या निकाल राहीलच असं नाही. २ सप्टेंबर २०२५ रोजी पाचव्या सर्किटच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने २ विरुद्ध १ मतांनी म्हटलं की आक्रमणही नाही आणि लुटारू चढाईही नाही, म्हणून हा कायदा इथे लावता येत नाही. बहुमताचं मत न्यायाधीश लेस्ली साउथविक यांचं, विरोधात न्यायाधीश अँड्र्यू ओल्डम. लोकांनी तो निकाल जपून ठेवला. महिना संपायच्या आत पूर्ण पीठाने, म्हणजे तिघांऐवजी त्या न्यायालयाच्या सगळ्या न्यायाधीशांनी, प्रकरण पुन्हा ऐकायचं ठरवलं, आणि त्या न्यायालयाच्या नियमानुसार तसं ठरलं की आधीचा निकाल आपोआप रद्द होतो. म्हणून निकालाचा आधार घेण्याआधी प्रकरणाच्या नोंदीत त्यानंतर काय काय आलं ते खालपर्यंत वाचा.

निकाल कुणाला लागू आहे तेही बघा. २७ जून २०२५ रोजी ट्रम्प विरुद्ध कासा या दुसऱ्याच विषयावरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी जिल्हा न्यायाधीशांच्या देशभर लागू होणाऱ्या मनाईहुकमांना आवर घातला. त्यामुळे संरक्षण बहुधा अर्जदारांपुरतं किंवा त्यांच्यासारख्या लोकांच्या नोंदलेल्या गटापुरतं असतं. टेक्सासमधल्या एका जिल्ह्यातल्या गटाला मिळालेलं संरक्षण न्यू जर्सीतल्या माणसाला मिळालं असं धरू नका.

आणि एका शब्दावर नजर ठेवा. राज्यघटनेत हेबियस स्थगित करायची सोय फक्त बंड किंवा आक्रमण असताना, सार्वजनिक सुरक्षिततेची गरज असेल तर, आहे. तिथेही शब्द तोच: आक्रमण. मे २०२५ मध्ये व्हाइट हाउसमधले स्टीफन मिलर यांनी पत्रकारांना सांगितलं होतं की हेबियस स्थगित करण्याचा पर्याय विचाराधीन आहे. आक्रमण झालं की नाही हे ठरवताना शेवटचा शब्द कुणाचा, याचं उत्तर ज्या दिवशी बदलेल त्या दिवशी वर सांगितलेलं दारच बंद होऊ शकतं. या विषयात मला रात्री झोप न लागू देणारी गोष्ट कुठली, तर ही.

घरातला एक कागद

काकूंच्या फ्रिजवर आम्ही एक कागद लावला आहे. त्यांच्यावर कुठलीही वेळ आलेली नाही, येऊ नये. पण ज्यांच्या घरी कुणाची कागदपत्रं अडकली आहेत अशा चार कुटुंबांनी तो उतरवून नेला, म्हणून सांगते.

सगळ्यात वर ए-नंबर, म्हणजे ए अक्षर आणि पुढचे आठ किंवा नऊ आकडे. इमिग्रेशन कोठडीतल्या माणसाला सरकारच्या ऑनलाइन शोधसेवेत शोधायला हा नंबर आणि जन्मदेश लागतो. पासपोर्टवरच्या स्पेलिंगप्रमाणे नाव त्याखाली. मग वकिलाचा नंबर, आणि तो पाठ. कोठडीत मोबाइल काढून घेतात. माणूस कुठे ठेवला आहे ते कळलं की तो कुठल्या संघीय जिल्ह्यात येतो ते लगेच लिहून घ्यायचं, कारण अर्ज तिथेच जातो. त्याला हलवलं तर तारीख आणि वेळ नोंदवायची. संघीय न्यायालयात हेबियसच्या अर्जाची फी ५ डॉलर आहे, तीही कागदावर आहे, कारण पैशांच्या भीतीने लोक विचारायचंच टाळतात.

शेवटी दोन इंग्रजी वाक्यं देवनागरीत लिहिली आहेत. "आय स्पीक मराठी, आय नीड अ‍ॅन इंटरप्रिटर." आणि "आय वॉन्ट टू सी अ जज." काकू रोज सकाळी चहा टाकताना ती मोठ्याने म्हणतात. पहिल्या वाक्यात "मराठी" हा शब्द त्यांनी स्वतः लाल पेनाने दोनदा अधोरेखित केला आहे, कारण मी त्यांना सांगितलं होतं की नुसतं "इंडियन" म्हटलं तर पलीकडून हिंदीचा दुभाषी जोडतात.